पडद्यामागचे पाय

“काहीही झालं तरी आवाज करायचा नाही,” डेलाने पडदा ओढून घेत बजावलं. “तो माणूस पेल्झरसाहेबांच्या खोलीत बसलाय. मोठ्या स्टुडिओचा आहे.”

“कशाला आलाय?” पडद्यामागून एमेटने विचारलं.

“तुझे पाय शोधायला.”

आतून हसल्याचा आवाज आला. मग लाकडावर बोटांची टकटक सुरू झाली.

“थांबव ती टकटक! मागच्या दाराने निघायचं का?”

“नको. पायऱ्यांवर आवाज होईल.”

डेला कपडेपटात शिवणकाम करायची. एमेट तिचा नवरा. दोघं पूर्वी गावोगावच्या थिएटरांत जोडीने नाचत. टोलेडोजवळ त्यांची गाडी रुळावरून घसरली आणि नाचाचे दिवस संपले. मग नशीब काढायला ती दोघं हॉलिवूडला आली आणि गावर स्ट्रीटवरच्या या फुटकळ स्टुडिओत टेकली.

आमच्या त्या गल्लीत सिनेमे पाव भाजावेत तसे निघत आणि तितक्याच लवकर शिळे होत. बोलपट नवे होते, गाणं आणि नाच हवाच होता. स्टुडिओचा मालक पेल्झर याने एक रडका सिनेमा काढला. आई मरणाला टेकलेली आणि पोरगा तिच्या औषधासाठी नाचतोय. पोरगा झालेला लायनेल व्हेन दिसायला देखणा, पण नाचला की पोती आदळल्यासारखा आवाज यायचा. म्हणून त्याचं चित्र आधी मुकंच घेतलं आणि एमेटने ते बघून बुटांचा ताल मागाहून भरला.

ही गोष्ट बाहेर फुटली तर डेला-एमेट दोघांनाही घरी बसवीन, असा पेल्झरचा दम होता. सिनेमा आठवड्यात उतरला. तरी लायनेल मात्र नर्तक म्हणून मिरवत होता. एमेटचा त्यावर जळफळाट व्हायचा. पैसा नको, नाव नको, पण एकदा तरी कुणीतरी समोर येऊन ‘हे तुझं’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. घरी डेला त्याच्या दुखऱ्या खांद्यांना तेल चोळत त्याची समजूत काढायची. त्याच्या बुटांचे तळ महिन्याभरात झिजत, वरचं चामडं मात्र नव्यासारखं राही. लायनेलचे फाटके मोजे रफू करताना ती कुरकुरायची, “माझ्या नवऱ्याने हा ताप कधी दिला नाही.”

दार उघडलं. पेल्झर पाहुण्याला घेऊन आत आला.

“बघा, मिस्टर हार्कनेस. नुसता पसारा आहे. आणि या आमच्या शिवणाऱ्या बाई.”

“खरं सांगू? तुमच्या सिनेमाला मी झोप काढायला गेलो होतो,” हार्कनेस म्हणाला. “नाच सुरू झाला आणि ताडकन उठून बसलो. तुमचा तो हिरो मुंग्या चिरडत होता. ते पाय त्याचे नव्हेत.”

“मग काय भुताचे?”

“मला शिकवू नका, पेल्झर. मी नाचण्यातच म्हातारा झालोय. त्या माणसाला मी उद्या कॅमेऱ्यासमोर उभा करतो. मोठा सिनेमा, सगळ्यात वर त्याचं नाव.”

डेलाच्या बोटात सुई घुसली. “असं कुणी नाही, साहेब,” ती घाईघाईने म्हणाली. “जुन्या तबकडीवरून घेतलाय तो आवाज.”

हार्कनेसचा चेहरा उतरला. “म्हणजे गेलाच असेल बिचारा. त्याला एकदा तोंडावर सांगायचं होतं, की असा ताल मी जन्मात ऐकला नाही.”

त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि तो दाराकडे वळला. पेल्झरने सुटकेचा निःश्वास सोडला. डेलाचा जीव मात्र अजून थाऱ्यावर नव्हता.

पडद्यामागे टक् झालं.

मग पुन्हा. मग ताल धावत सुटला, गिरक्या घेऊ लागला, चिडला, हसला आणि एका खणखणीत ठोक्यावर थांबला.

“एमेट, नको रे!” डेला ओरडली.

हार्कनेस केव्हाच पडद्यापाशी पोचला होता. त्याचे डोळे भरून आले होते. “लेका, जिवंत आहेस तर! ये, हात मिळव आधी!” म्हणत त्याने पडदा सर्रकन बाजूला ओढला.

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या एमेटने समोरच्या फळीवरून उजवा हात उचलला, हातात घातलेला बूट काढून ठेवला आणि तो हात पुढे केला.