जोडणी नाही

‘जोडणी नाही.’ बटणांच्या फोनच्या इवल्याशा पडद्यावर हे चौथ्यांदा उमटलं. लेकीने फोनचं मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, फुंकर मारून परत बसवली. समोर खाटेवर बसलेल्या आत्याने घड्याळाकडे पाहिलं. लेकीला न्यायला गाडी पाचला येणार होती. साडेतीन होऊन गेले होते.

फोन वडिलांचा. ते जाऊन दोन आठवडे झाले होते. आजपासून या घरात त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, एकटीच राहणार होती. लेक दूर परदेशी, औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. तिथे कामावर शिरताना फोन कुलपात ठेवावा लागे. वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा आत्याने तिला अकरा वेळा फोन लावला होता. तो कपाटातल्या अंधारात वाजत राहिला. मेसेज आला असता तर समोरच्या संगणकावर तिला लगेच दिसला असता. पुन्हा तसं व्हायला नको होतं. म्हणून निघायच्या आत या फोनवरचं मेसेजचं ॲप चालू व्हायला हवं होतं. नवा फोन घेऊ म्हटलं, तर आत्या काचेच्या फोनला हात लावायला तयार नव्हती.

ॲप काही नवं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी, मागच्या खेपेला, तिनेच ते घातलं होतं. वडिलांनी तीस वर्षं कारखान्यात लोखंडी पत्रे ठोकण्याच्या खात्यात काढली. कानांनी त्यांच्या आधीच निवृत्ती घेतली होती. फोनवर ते ‘हं, हं, बरी आहेस ना’ एवढं म्हणत आणि फोन आत्याच्या हाती देत. बोटं अशी जाड, की काचेवर एक अक्षर दाबावं तर शेजारची दोन उमटत. म्हणून तिने शोधशोधून बटणांच्या फोनवर चालेल असं ॲप मिळवलं होतं. त्या दिवशी दोघं समोरासमोर बसून एकमेकांना लिहीत होते. ‘चहा ठेव,’ वडिलांनी लिहिलं. ‘तुम्हीच ठेवा,’ तिने लिहिलं. ते पोट धरून हसले होते.

दुसऱ्या दिवशी निघताना भांडण झालं. माझ्याबरोबर चला, असं ती आठवडाभर म्हणत होती आणि ते मान हलवत होते. शेवटी दारात तिचा स्वतःवरचा ताबा सुटला.

“मग बसा इथेच, भिंतींशी बोलत.”

त्यांना ऐकू आलं नव्हतं. पण ओठांवरचं वाचता येत असे. ते पाठ फिरवून आत गेले. फाटकापर्यंतसुद्धा आले नाहीत.

तिकडून तिने तीन मेसेज टाकले. तिन्हींपुढे एकेकच खूण राहिली. म्हणजे मेसेज निघाले, पण पोचले नाहीत. त्यांनी ॲप बंद करून टाकलंय, असं तिने धरून चाललं. बाप तशी लेक. चौथा तिने टाकला नाही. दर रविवारी आत्याशी बोलणं होई. पण त्यात हा विषय निघाला नाही. बापलेकीच्या मध्ये आत्या कधी पडत नसे. तुमचं तुम्ही बघा, हा तिचा जुना मंत्र.

आता दोन आठवडे बंद पडून राहिलेला तो फोन ॲपमध्ये शिरूच देत नव्हता. आधी जोडणी दाखव, मग पुढचं बोल. लेकीने त्याच फोनवरून, स्पीकर लावून, सिमच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई आली. तिने सेटिंग उघडायला सांगितलं आणि विचारलं, या आधी हा फोन कुठल्या नेटवर चालत होता?

लेकीने यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. तिच्याच फोनचं.

तिने ते दोनदा वाचलं. त्या दिवशी ॲप चाललं होतं ते तिच्या खिशातल्या फोनच्या नेटवर. या फोनच्या सिमचं नेट तिने कधी चालूच केलं नव्हतं. गाडीच्या घाईत राहून गेलं होतं. ती गेली, तशी जोडणीही तिच्याबरोबर घराबाहेर पडली.

“मॅडम, आहात ना?” मदत केंद्रातल्या बाईने विचारलं.

ती होती. सिमचं नेट चालू करायला बाईने सांगितलेली अक्षरं तिने एकेक बटण तीनतीनदा दाबून भरली. फोन बंद करून परत चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणीचे दोन बारीक बाण आले. ॲप उघडलं.

आणि दाराशी ठेवलेल्या तिच्या पिशवीत तिचा फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना.

“लागलं वाटतं,” आत्या म्हणाली. मग गोंधळून तिने स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. “पण मी तर अजून काही लिहिलंच नाही.”

लेकीने फोन बाहेर काढला. पडद्यावर वडिलांचं नाव होतं आणि नावापुढचा आकडा चढत होता. नऊ. एकतीस. साठ. आत्या उठून तिच्या खांद्याशी आली, डोळे बारीक करून पाहू लागली.

“रोज जेवण झालं की बटणं दाबत बसायचा दादा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, तो सापाचा खेळ खेळतोय.”

आकडा दोनशेच्या पुढे जाऊन थांबला. लेकीने सगळ्यांत खालचा, शेवटचा मेसेज उघडला. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीचा होता.

‘अजून राग गेला नाही वाटतं तुझा. असू दे. उद्या परत लिहितो.’