सतरावी कडी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि तपासणीचे दोन अधिकारी तिच्या टेबलासमोर उभे होते. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगची ती सुपरवायझर. सहाच्या आत जागेवरून हलली असती तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं, पण खाट उद्याऐवजी आजच रिकामी करायची होती. "चारला घेऊन जा. डोळ्यावर पट्टी आहे, त्यांना एकट्या सोडता येणार नाही," असं सांगून नर्सनं फोन ठेवलाही. नवरा कामानिमित्त परगावी होता, रविवारी येणार होता.

दुसरी कोणी असती तर तिनं हातपाय गाळले असते. सुपरवायझरबाईंनी स्टोअररूममध्ये जाऊन प्रार्थना-साखळी सुरू केली.

ही साखळी म्हणजे तिचंच अपत्य. चर्चमधली एकतीस घरं त्यात होती. पहिल्यानं दुसऱ्याला फोन करून विनंती सांगायची, दुसऱ्यानं प्रार्थना करून तिसऱ्याला सांगायची, आणि एकतिसाव्यानं पहिल्या कडीला, म्हणजे हिला, "पोचलं" म्हणून कळवायचं. सगळ्याची नोंद तिच्या वहीत असे. घर आणि नोकरी एकदम कसं सांभाळता हो, असं कोणी विचारलं की ती पर्समधून वही काढायची. "मी कुठे काय करते? प्रभू करतो," म्हणायची. पहाटे उठून डबे मात्र तीच भरायची.

"आईंना आजच चारला हॉस्पिटलमधून घरी न्यायचंय आणि मला निघता येत नाही. मार्ग उघडावा म्हणून प्रार्थना करा," तिनं दुसऱ्या कडीला सांगितलं. तुम्ही जाता का, हा प्रश्न तिच्या जिभेवर आलाच नाही. माणसाकडे मागायचं म्हणजे देवावरचा विश्वास उणा पडल्यासारखं झालं असतं. दुसरी कडी म्हणजे चर्चच्या खजिनदारांची बायको. तिच्या दारात गाडी उभी होती आणि दुपार मोकळी होती. "अजिबात काळजी करू नकोस गं," असं म्हणून तिनं गुडघे टेकले. तिसरी कडी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते हॉस्पिटलच्या समोरच राहत. त्यांच्या खिडकीतून फाटकाजवळचा बाक स्वच्छ दिसे. लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांनी आधी पडदा ओढून घेतला. अकराव्या कडीला तर प्रार्थना करता करता रडूच फुटलं.

चार वाजले, मग साडेचार. "पोचलं" काही येईना. अधिकाऱ्यांना पाकिटांवरच्या तारखा दाखवताना तिचं अर्धं लक्ष फोनकडेच होतं. हॉस्पिटलचा फोन कोणी उचलेना, आणि सासूबाई मोबाईल घरीच विसरून गेल्या होत्या. पट्टी बांधलेली म्हातारी बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत असेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. पाच वाजले आणि तिची खात्री पटली. साखळी तुटली होती.

कुठे तुटली, हे शोधायची गरज नव्हती. सतरावी कडी! सतरावी म्हणजे बाजारामागच्या गल्लीतली शिंपीणबाई. वर्षभरात साखळी चौदा वेळा तुटली होती आणि चौदाही वेळा तिच्यापाशीच. वहीत लाल शाईनं तसं लिहिलेलंच होतं. ऑर्गन वाजवणाऱ्या आजोबांचा पाय मोडला, तुटली. बाळंतिणीच्या सोबतीला कोणी नाही, तुटली. बेकरीवाल्याची बायको तापानं फणफणली, तुटली. जगाच्या शांततेसाठीची विनंती मात्र हिनं तीन मिनिटांत पुढे पाठवली होती. म्हणजे बाईला जमत नव्हतं असं नाही, करायचं नव्हतं. "सतराव्या कडीत विश्वासाची कमतरता दिसते, तरी तिला वगळावे," अशी पाळकसाहेबांच्या नावची चिठ्ठी पर्समध्ये तयार होती. ती रविवारी द्यायची होती. आता आजच देते, असं सुपरवायझरबाईंनी दात-ओठ खात ठरवलं.

सहाला सुटली ती धावतच हॉस्पिटलला गेली. बाक रिकामा होता.

"त्या आजी ना? त्यांना कधीच नेलं की," नर्स म्हणाली. "एक बाई आल्या होत्या. घाईत असाव्यात, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती."

घराचं दार नुसतंच लोटलेलं होतं. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या आणि शिंपीणबाई त्यांना चमच्याने सूप पाजत होती. पलंगाजवळच्या टेबलावर गोळ्यांच्या वेळा कपड्यावर खुणा करायच्या खडूनं लिहिलेल्या होत्या. सुपरवायझरबाईंना पाहताच शिंपीणबाई वाटी ठेवून धडपडत उठली.

"ताई, रागावू नका. आजही पुढे फोन करायचा राहिलाच."

सुपरवायझरबाईंना स्वतःची इतकी लाज वाटत होती की चिठ्ठीची ती पर्ससुद्धा त्यांनी पाठीमागे लपवली. शिंपीणबाईला वाटलं, राग काही गेलेला नाही.

"खरं सांगू का," ती चाचरत म्हणाली, "आपल्या हातून होण्यासारखं असलं की मी आधी जाऊनच येते, आणि मग फोनचं डोक्यातून जातं. ते जगाच्या शांततेचं तेवढं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून लगेच पुढे पाठवलं."