सव्वासात

"गोदामाला संध्याकाळी साडेसातला आग लावली गेली. आरोपी हमाल म्हणतो, मी सहालाच निघालो. तुम्ही त्याला निघताना पाहिलंत, तेव्हा किती वाजले होते?" वकिलाने विचारलं.

"सव्वासात!" घड्याळजी छातीठोकपणे म्हणाला. "दुकान बंद करताना भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात पाहिलं ना! चाळीस वर्षं घड्याळंच दुरुस्त करतोय साहेब, माझी वेळ चुकायची नाही."

हमाल तुरुंगात गेला. घड्याळजीच्या जिवाला मात्र चैन पडेना. काहीतरी खुपत होतं, काय ते उमगेना.

मग एक दिवस शाळेतल्या बाई दुकानात आल्या आणि त्याच मोठ्या घड्याळाकडे बोट करून कडाडल्या,



"काका, दोन वर्षं झाली दुरुस्तीला टाकून, माझ्या घड्याळात अजून सव्वासातच?"