हेतवीची तहान

आजही अंथरूण ओलं होतं आणि आजही हेतवी मान खाली घालून म्हणाली, "मी केलं."

"सात वर्षांची घोडी झाली," बा करवादली. ओली गोधडी तिने मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर टाकली. "सासरी जाऊनसुद्धा हेच करणार का गं?"

हेतवीची आई नयना सासूला तिथेच सोडून निघाली. ती गोठ्यामागे गेली. रात्री पोरं लघवीला बसतात त्या जागी मुंग्यांची रांग लागली होती. लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे लघवीत साखर, हे तिला ठाऊक होतं.

तिच्या बहिणीची पोर अशीच गेली होती. सारखं पाणी प्यायची, सारखी लघवीला पळायची, वाळत चालली होती. मग पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, धाप लागली. दाक्तरांनी साखर तपासली तोवर उशीर झाला होता. एवढ्याशा लेकराला साखरेचा आजार होतो हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. नयनाला आता ते कळलं होतं, आणि कळून गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती.

हेतवीच्या दिवसभर माठाकडे खेपा चालत. भरलेला पेला घेऊन ओसरीकडे जायची, रिकामा घेऊन परत यायची. वर्गात झोपते म्हणून शाळेतून निरोप आला होता. पोरीचे डोळे खोल गेले होते.

"मी हिला आज तालुक्याच्या दवाखान्यात नेते," नयना म्हणाली. "साखर तपासायची आहे."

बा ओसरीतल्या खाटेवर बसली होती. मांडीवर चार वर्षांचा भिखो, तिचा नवसाचा नातू. नयनाचे आधीचे दोन मुलगे जगले नव्हते, म्हणून हा झाल्याबरोबर बाने देवी माताजीला बाधा ठेवली होती, पाळायच्या नेमांचा नवस. पाच वर्षं पुरी होईतो पोराच्या अंगावर दुसऱ्यांकडून मागून आणलेलेच कपडे. केसांना कात्री नाही. त्याला वजनकाट्यावर ठेवायचं नाही, बारीक म्हणायचं नाही, आजारी तर नाहीच नाही. आणि आईने त्याला न्हाऊ घालायचं नाही, कुशीत घ्यायचं नाही. पोर बाचं, बा सांगेल ते. हेतवीलाही रात्री त्या दोघांच्या शेजारीच निजायचा हुकूम होता.

"साखर म्हाताऱ्यांना होते," बा म्हणाली. "मला झाली नाही अजून, हिला कुठली होते? आणि एकदा का गावात नाव झालं, की कोण करील हिला?"

"नाही केली तर नाही केली. माझ्या घरात राहील."

"तुझ्या घरात?"

"हो, माझ्या. बा, मुलगा तुम्ही बाधेत घातलात, मी ब्र काढला नाही. मुलगी माझी आहे. हिच्यासाठी तुमची माताजी आडवी आली तरी मी थांबायची नाही."

नवऱ्याचा, जीवराजचा, सुरतेच्या हिरे-कारखान्यातून फोन आला. बानेच लावायला लावला असणार. "बा नको म्हणते तर राहू दे ना," तो म्हणाला.

"तुम्ही हिरे घासा," म्हणून नयनाने फोन ठेवून दिला.

छकडा रिक्षा दारात आली तशी बासुद्धा भिखोला घेऊन चढली. "तुझी फजिती बघायला येते," ती म्हणाली.

"या की. भाडं तेवढंच पडतं."

नयना पुढे बसली, बाकीचे मागे. हेतवीने पाण्याची बाटली भरून घेतली होती, ती अर्ध्या वाटेतच संपली. भिखो बाच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. त्याचा सदरा खांद्यावरून घसरत होता; मागून आणलेला कपडा अंगाला बसतोय कधी? "आधी गाव डोक्यावर घ्यायचा," बा रिक्षावाल्याला कौतुकाने सांगत होती. "आता बघ कसा शहाणा झालाय. मांडीवरून हलत नाही."

दवाखान्यातल्या दाक्तरबेन तरुण होत्या. नयनाचं सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं. "बरं केलंत आणलंत ते. लहान मूल असं करायला लागलं की साखर त्याच दिवशी बघावी. उद्यावर टाकायची नाही."

त्यांनी हेतवीचं बोट टोचलं. हेतवी रडली नाही. रक्ताचा थेंब पट्टीवर गेला, मशीनवर आकडा आला, ते सगळं ती डोळे मोठे करून बघत होती.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," दाक्तरबेन म्हणाल्या. मग नयनाकडे वळल्या. "साखर अगदी बरोबर आहे."

"पुन्हा बघा."

त्यांनी दुसरं बोट टोचलं. आकडा जवळजवळ तोच आला.

"झालं समाधान?" बा उठली. "पोरीला शाळा बुडवून टोचून घेतलं. चल आता. आज गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

नयनाचा जीव भांड्यात पडला होता, पण पुरता नाही. त्या मुंग्या तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. ती खुर्चीवरून उठली नाही.

"बा, तुम्हाला जायचं तर जा. माझी फजिती झाली तर झाली. पण रोज आख्खा माठ रिकामा होतो, ते पाणी जातं कुठे, हे कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

दाक्तरबेन हेतवीपुढे वाकल्या. "तूच सांग बेटा. इतकी तहान का लागते तुला?"

हेतवीने बाच्या तोंडाकडे पाहिलं. बाने डोळे वटारले.

"मला नाही लागत," हेतवी म्हणाली. ती बाजवळ गेली, सदऱ्याच्या लांब बाहीतून भिखोचा काडीसारखा हात तिने बाहेर ओढला आणि दाक्तरबेनसमोर धरला. "बा मारेल तर मारू दे. आता याचं बोट टोचा."