दुसरी गोळी

ऑरिन टॉलीने दुरुस्तीला आलेली रायफल कामाच्या टेबलावर आडवी ठेवली. मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे ना ते पाहिलं. त्याचा शेजारी, मेंढीवाला बेन्यात इरिगोयेन, धान्याच्या कोठाराच्या दारातच उभा राहिला. आत आला नाही.

"एक गोळी सुटते," बेन्यात म्हणाला. "मग अडकते. रिकामी पुंगळी बाहेर पडतच नाही, तर पुढचं काडतूस चढणार कुठून?"

"नेहमी?"

"नेहमी नाही. नेहमी अडकली असती तर माझी मीच नीट केली असती."

"जुळवलीस कुठे?"

"स्वयंपाकघरात. सुटे भाग मागवले आणि हिवाळाभर बायकोचं टेबल अडवलं."

"पावाचं पीठ मळायच्या जागी बंदूक मळलीस. मग अशीच होणार."

बेन्यात हसला नाही. एरवी त्याने ऑरिनच्या हडकुळ्या गाईंवरून चार शब्द सुनावले असते. आज तो टोपी हातात फिरवत राहिला.

ऑरिनच्या शर्टाच्या खिशात एक पुंगळी होती. त्याची कुत्री टेस ओढ्यापलीकडच्या सेजच्या झुडपात मेलेली सापडली, त्या दिवसापासून. शर्ट बदलला की पुंगळी नव्या शर्टाच्या खिशात जायची. ती त्याला ओढ्याकाठी सापडली होती. ओढ्यावर सगळ्यांचीच जनावरं उतरत, कोयोट कोल्हे मारायला गावातले हौशी लोकही येत. एका पुंगळीवरून कोणाचं नाव घेणार?

मेंढ्यांच्या मागे लागलेलं कुत्रं कोणी मारलं तर त्या पठारावर तक्रार होत नसे. मारणाऱ्याने एवढंच करायचं: त्याच दिवशी गळ्यातला पट्टा काढायचा, मालकाच्या दारापर्यंत चालत जायचं आणि तोंडाने सांगायचं. टेसच्या गळ्यात पट्टा नव्हता. ऑरिनच्या दारात कोणी आलं नव्हतं. गोळी मागच्या मांडीत लागली होती, आणि ओढ्यापासून झुडपापर्यंत टेस फरपटत गेल्याची खूण मातीत दिसत होती.

"चल, बाहेर मारून बघू," ऑरिन म्हणाला.

कोठारामागच्या मातीच्या ढिगावर त्याने पहिली गोळी झाडली. पुंगळी उडून गवतात पडली. दुसरी सुटली, पण काडतूस चढवणारा बोल्ट अर्ध्यावर थांबला. ऑरिनने पितळी सळई आणली, पुढून हलकेच ठोकून पुंगळी बाहेर काढली आणि तळहातावर घेतली. बुडाच्या कडेचा एका बाजूने लचका तुटला होता, नखाएवढा, अर्धचंद्रासारखा.

त्याने दुसरा हात खिशात घातला. आतली पुंगळी बाहेर काढली नाही. इतके दिवस अंगठा तिच्या कडेवरून फिरत होता, तो आताही फिरला. मग तळहातावरच्या पुंगळीवरून फिरला. लचका तोच होता.

"काय झालं?" बेन्यातने विचारलं.

"पुंगळी ओढणारा आकडा झिजलाय. कड धरतो, कुरतडतो आणि सोडून देतो. कोणी तरी काढून टाकलेला भाग तुझ्या गळ्यात मारला." ऑरिनने त्याच्याकडे न बघताच पुढे विचारलं, "कोकरं झाली तेव्हा ही वापरलीस?"

"थोडी."

"कशावर?"

"कोयोटवर."

"लागली?"

बेन्यातने ढिगाकडे पाहिलं. "एकाला लागली."

"मग?"

"मग काय? आत्ता बघितलंस ना. दुसरी आलीच नाही. सळई घरी. चाकूने उचकटत बसलो. निघेपर्यंत ते उठून गेलं होतं."

"कोयोट."

"हं."

"शोधलं नाहीस?"

"शोधलं. अंधार पडेपर्यंत शोधलं."

"सापडलं?"

बेन्यात पुन्हा टोपी फिरवू लागला. ऑरिनने पुन्हा विचारलं नाही.

तो कोठारात परतला. डब्यातून नवा आकडा आणि स्प्रिंग शोधली आणि बसवायला घेतली. घाई केली नाही. या वेळी बेन्यात आत आला आणि टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. जुना आकडा ऑरिनने कचऱ्यात टाकला नाही, शर्टाच्या खिशात टाकला. आत धातूवर धातू वाजला. बेन्यातने खिशाकडे पाहिलं, आणि त्याचे टोपी फिरवणारे हात थांबले.

बाहेर येऊन ऑरिनने मॅगझिन पूर्ण रिकामं केलं. रायफल एकदाही अडकली नाही. पुंगळ्या एकामागून एक गवतात पडल्या. बेन्यात सवयीने त्या वेचायला वाकला.

"राहू दे," ऑरिन म्हणाला. "ओढ्याकाठी वेचायच्या होत्यास."

बेन्यात वाकलेला होता, तसाच क्षणभर राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. ऑरिनने बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि रायफल त्याच्या हातात दिली.

"आता दुसरी येईल."

बेन्यातने ती घेतली, पण निघाला नाही.

"पट्टा?" ऑरिनने विचारलं.

"गाडीत आहे." बेन्यात म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली मला. तेव्हापासून गाडीतच आहे. तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो, ऑरिन. लगेच मेली असती तर आत आलो असतो. तिला तसं बघितल्यावर कुठल्या तोंडाने येऊ?"

तो गाडीकडे वळला, दार उघडून पुढच्या सीटखाली हात घातला.

"इथे नको देऊस," ऑरिन म्हणाला. "फाटकापर्यंत जा. गाडी तिथे बाहेर लाव आणि चालत ये."

बेन्यात गाडी घेऊन गेला. ऑरिन घरात शिरला, दार लावलं आणि आतल्या बाजूला, कडीवर हात ठेवून उभा राहिला.