शुभांगीचा पहिला तास

घरात आई आपल्याला बोलूच देत नाही, हे एकदाचं कुणाला तरी सांगायचं म्हणून शुभांगीनं कॉलेज रोडच्या समुपदेशक मॅडमची वेळ घेतली. निघाली तर काय, आई मेथीची जुडी घेऊन रिक्षात आधीच बसलेली!

"बोल शुभांगी, काय त्रास होतो?" मॅडमनी विचारलं.

"तिला कसला त्रास? खाती, पिती, मोबाईल बघती!" आईच बोलली.

मॅडम हसल्या. "बरं, आणि तुम्हाला, मावशी?"

आईनं पदर डोळ्याला लावला. मग जी सुरू झाली, ती तास संपला तरी थांबेना.

परतताना द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आई म्हणाली,

"मॅडम लय चांगल्या हायेत गं. पुढच्या बुधवारी तू बाहेर बसायचं."