रंग धरत नाही

रंग पुन्हा पळाला. लाल थर बसतो न बसतो तोच त्यात बारीक गोल खड्डे उमटले आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी रंगाआधी मारलेला करडा प्राइमर दिसायला लागला. रेनाटाने स्प्रेचा डबा खाली ठेवला. तिचे वडील, झिगी प्रुस्की, गॅरेजच्या दारात उभे होते.

"धुताना माझंच काहीतरी राहिलं असणार," ते म्हणाले. मागच्या रविवारीही ते हेच म्हणाले होते. त्याच्या मागच्याही.

काम काही मोठं नव्हतं. तिच्या कॉम्प्युटरचा पुढचा भाग आणि बाजूची दोन झाकणं, सगळं प्लास्टिकचं. आई गेल्यावर घरात एकट्या पडलेल्या वडिलांच्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून तिनेच ते हॅमट्रॅमिकला त्यांच्या घरी आणून दिलं होतं. उभा जन्म त्यांनी गाड्यांचे बंपर रंगवले होते. त्यांनी दिलेला रंग मिशिगनच्या बर्फाला आणि तो वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाला पुरून उरायचा. आणि आता हातभर प्लास्टिकवर रंग धरत नव्हता.

रेनाटाच्या मनात पाल चुकचुकली. मग ती लक्षच ठेवायला लागली. फोनवर ते एखादी गोष्ट दोनदा बोलले की ती तारखेसकट लिहून ठेवायची. एकदा त्यांनी तिला आईच्या नावाने हाक मारली, तर ती रात्रभर जागी राहिली. ॲरिझोनातल्या भावाशी बोलणं झालं. त्याचं मत स्पष्ट होतं : गाडीची किल्ली काढून घ्यायची, घर विकायचं, आणि बाबांना कुठेतरी नीट देखरेखीत ठेवायचं. तिने डेट्रॉईटच्या डॉक्टरांकडे स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली. वडिलांना तिने ते भीतभीतच सांगितलं. ते मात्र शांतपणे बरं म्हणाले. त्या शांतपणानेच ती जास्त घाबरली. पूर्वीच्या झिगीने घर डोक्यावर घेतलं असतं.

तपासणीच्या आधीच्या रविवारी तिने ठरवलं, आज सगळं आपणच करायचं. बाबांना तिने खुर्चीत बसवलं. जुना रंग घासून काढला. साबणाच्या पाण्याने तुकडे दोनदा धुतले, बारीक पॉलिश पेपरने घासले, प्लास्टिकने रंग पकडावा म्हणून मारतात तो पारदर्शक थर दिला, त्यावर प्राइमर. अगदी पातळ, घाई न करता, त्यांनीच शिकवलं होतं तसं. प्राइमर अंड्याच्या कवचासारखा एकसारखा बसला. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आता लाल रंग नीट बसला, तर याआधीच्या प्रत्येक वेळी चूक बाबांच्या हातून झाली होती हे नक्कीच ठरणार होतं. मारावा की मारू नये, असं तिला होऊन गेलं.

प्राइमर वाळेपर्यंत जेवायला पिएरोगी, त्या बटाट्याच्या पोलिश करंज्या, घेऊन येते, असं सांगून ती निघाली. दुकान बंद होतं. ती तशीच परतली आणि गॅरेजच्या बाजूच्या दारातून आत शिरली.

झिगी टेबलावर वाकलेले होते. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात गाडीचा डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशची बाटली. ते तेलकट पॉलिश नुसतं लागलं तरी रंग तिथून बाजूला पळतो, हे रेनाटाला त्यांनीच ती लहान असताना सांगितलं होतं. ते सावकाश, हलक्या हाताने, एकही कोपरा न सोडता तिच्या प्राइमरवर फडकं फिरवत होते. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता.

"बाबा."

ते दचकले नाहीत. बाटलीचं झाकण लावून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि फडक्याची घडी घालत बसले.

तिला आधी हसू आलं, मग संताप. ती पालथ्या बादलीवर बसली. ती राहायची त्या टोलीडोहून इथे यायला जेमतेम तासाभराचा रस्ता, पण हे प्लास्टिक आणून देईपर्यंत ती फक्त ईस्टरला आणि नाताळला यायची.

"मला वाटलं तुम्ही विसरायला लागलात," ती म्हणाली. "घर विकायच्या गोष्टी चालल्यात आमच्या. परवा डोकं तपासायला नेणार होते मी तुम्हाला. तपासणीचं सांगितलं तेव्हा तरी बोलायचंत."

झिगींनी घडी घातलेलं फडकं पुन्हा उलगडलं.

"तू नेणार होतीस ना," ते म्हणाले. "अख्खा दिवस."